बहात्तर पाइंट, तीन दिवस

गावच्या पबच्या शेवटच्या रात्री मालकिणीने सगळ्यांच्या किल्ल्या परत केल्या.

काउंटरच्या मागे, घड्याळाखाली, एक लाकडी फळी होती. तिला पितळी हूक, आणि प्रत्येक हुकाला गावातल्या एकेका घराची किल्ली. कुणाचा मुलगा लांब मँचेस्टरला, कुणी एकटंच राहणारं, कुणाला दार ओढून घेतल्यावर किल्ली आत राहिल्याचं आठवायचं. अकरा घरांच्या किल्ल्या तिथे टांगलेल्या असायच्या, त्यातली एक आमची. जानेवारी २०२३ मधला शेवटचा शनिवार होता. पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ती एकेकाला हाक मारायची आणि किल्ली हातावर ठेवायची. माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, "घे, डक. आता दुसरीकडे कुठेतरी देऊन ठेव." इंग्लंडमधल्या या डर्बीशरकडे सगळ्यांनाच डक म्हणतात, आपल्याकडे "बाळा" म्हणावं तसं; पोस्टमनलाही आणि डॉक्टरलाही.

घरी येऊन किल्ली ओट्यावर ठेवली. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे नवऱ्याला विचारलं, त्यालाही सुचेना. इतकी वर्षं या गावात काढून आमच्या घराची किल्ली ठेवायला दुसरं दार आम्हाला माहीत नव्हतं.

मी नगर जिल्ह्यातली. घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर. दारूचं नाव घ्यायची वेळ आलीच तर आजी नुसतं "ते" म्हणायची. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला गुत्ता होता आणि त्या वाटेने आम्हा मुलींना जायची बंदी होती. त्या गुत्त्याने काय केलं ते मी पाहिलंय. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी थेट तिकडे जायची, बाईच्या कानातलं गहाण पडायचं, पोरांची शाळा सुटायची. पुढे शेजारच्या गावात दारूबंदीसाठी बायकांचं मतदान झालं. महाराष्ट्रात तशी सोय आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. माझी आई त्या गावच्या शाळेत शिक्षिका होती. महिनाभर शाळा सुटल्यावर ती घरोघर फिरली. आडवी बाटली जिंकली त्या रात्री तिचा मला फोन आला, तेव्हा तिचा घसा पार बसलेला होता. हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे ते दारूचं कौतुक नाही. आईच्या त्या महिन्याविरुद्ध माझ्याकडे एक शब्दही नाही.

२००५ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो. मी जवळच्या बाजारगावात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागले. गावात रस्त्याला लागूनच पब. पहिली पाच वर्षं मी त्या दारावरून जाताना पलीकडच्या फुटपाथवर जायची. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप वळायचे.

मग डिसेंबर २०१० मधला तो मोठा बर्फ पडला. बस चढाच्या पायथ्याशीच थांबली. वर चालत येईपर्यंत बूट आतून भिजले, बोटं कळेनाशी झाली, आणि अख्ख्या रस्त्यावर उजेड एकाच ठिकाणी होता. आत गेले. शेगडीत कोळसा पेटलेला, तिच्यापुढे कुत्रं पसरलेलं. चार म्हातारे डॉमिनो खेळत होते. एक बाई अर्धा ग्लास समोर ठेवून स्वेटर विणत होती. कोपऱ्यात शाळेच्या गणवेशातली दोन मुलं वह्या उघडून बसली होती, मधे बटाट्याच्या काचऱ्यांची बशी. मी चहा मागितला. मालकिणीने किटली आणून दिली, लोकरीची टोपी घातलेली, आणि कुठल्या घरात राहतेस ते विचारलं. सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे जुन्या बेकरीत!" आमच्या घरात पूर्वी गावची बेकरी होती, भट्टी होती, म्हणून स्वयंपाकघराची ती एक भिंत इतकी जाड. पाच वर्षं मी त्या भिंतीत खिळा का ठोकला जात नाही म्हणून वैतागत होते.

त्यानंतर मंगळवार ठरून गेला. दुकान लवकर बंद व्हायचं, नवऱ्याची पाळी उशिरा संपायची. मी बहुतेक वेळा लिंबू घातलेला सोडा घ्यायची, कधी बिअरचा अर्धा पाइंट; पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा पेला. कुणी कधी विचारलं नाही की का पीत नाहीस, किंवा का पितेस. डॉमिनो मला शिकवला तो कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी. या जिल्ह्यातल्या खाणी बंद पडत गेल्या तेव्हा ते चाळिशीचे होते. मंगळवारी साडेसहाला यायचे, दीड पाइंट घ्यायचे आणि साडेआठला उठायचे. दीड म्हणजे दीड. त्यांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला की मालकीण न विचारता अर्धाच भरायची. दर वेळी माझ्या आईची तब्येत विचारायचे. आईला हे फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "त्यांना म्हणावं गुडघे दुखतात. कुठे भेटतात ते?" मी म्हटलं, गावात.

इथलं दार सगळ्यांना नेहमीच उघडं होतं असं मानायचं कारण नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल विनो नावाच्या बारमध्ये बायकांना काउंटरशी उभं राहून काही मागायची मनाई होती. तुम्ही आतल्या खोलीत बसा, तिथे आणून देऊ. दोन बायका त्यावर कोर्टात गेल्या आणि ही मनाई बेकायदेशीर ठरायला १९८२ साल उजाडावं लागलं. रंगाची गोष्ट त्याहून कडू. बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेदिकमध्ये ओतकामाच्या कारखान्यांत पंजाबी कामगार दिवसभर भट्टीसमोर राबायचे आणि संध्याकाळी अनेक पबांमध्ये त्यांना ग्लास मिळायचा नाही, किंवा वेगळ्या खोलीत बसवायचे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे लोक गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबांमध्ये जायचे आणि कोण कुणाला नाकारतं याचा पुरावा गोळा करायचे. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला येऊन गेले. त्यानंतर नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी इथे वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला आणि पबमध्ये रंगावरून नकार देणं बेकायदेशीर झालं. पुढे कारखाने बंद पडले, जुनं गिऱ्हाईक पांगलं आणि त्या भागातले मरायला टेकलेले कितीतरी पब पंजाबी कुटुंबांनीच चालवायला घेतले. आज त्यांना देसी पब म्हणतात. तंदुरी मांसाचं गरम तबक, बिअर, भिंतीवर फुटबॉलचा सामना आणि सगळ्या रंगांची माणसं. मी एकदा मुद्दाम जाऊन आले. ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांनीच ते दार वाचवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आमच्या पबकडे वळते. आम्ही तिला मालकीण म्हणायचो, पण इमारत तिची कधीच नव्हती. इमारत एका कंपनीची, ती भाडेकरू. हे बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही, मलाही बारा वर्षांनी कळलं. इथे पूर्वी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्याच, पबांच्या मालक असत. आपल्या पबात आपलीच बिअर, या पद्धतीला टाय म्हणतात, बांधलेला पब. मूठभर ब्रुअरींच्या हातात बाजार एकवटला म्हणून १९८९ मध्ये सरकारने आदेश काढला, आणि दोन हजारांहून जास्त पब असणाऱ्यांना जादा पबांवरची पकड सैल करावी लागली. हेतू चांगला होता. झालं असं, की ते पब अशा कंपन्यांनी घेतले ज्या बिअर बनवतच नव्हत्या. पब विकत घ्यायला मोठाली कर्जं काढली, आणि ती फेडायची भाड्यातून आणि बांधलेल्या बिअरच्या दरातून. भाडेकरूची सुटका व्हावी म्हणून २०१६ मध्ये नियमावली आली. मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना नुसतं बाजारभावाचं भाडं भरून बिअर कुठूनही घ्यायचा पर्याय मिळाला. पण तो मागायला वकील लागतो, वेळ लागतो आणि मालकाशी वैर घ्यायची तयारी लागते. आमची मालकीण पहाटे फरशी पुसायची, दुपारी स्वयंपाक, रात्री काउंटर. तिने तो अर्ज कधी केला नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका मंगळवारी तिने आपली वही माझ्यासमोर ठेवली. मी औषधांचा साठा सांभाळते म्हणून असेल, किंवा कुणाला तरी दाखवायचीच होती म्हणून. विजेचा करार संपला होता आणि नवा दर जुन्याच्या तिप्पट होता. घरगुती ग्राहकांच्या विजेला इथे दराची मर्यादा असते, धंद्याला नसते. तळघराचं कूलिंग बंद करता येत नाही, फ्रीज बंद करता येत नाहीत. वहीत खाली तिने पबच्या कराचा आकडा लिहून त्याभोवती चौकट केली होती. दुकानाचा कर साधारण जागेवरून ठरतो. पबचा कर, तिथे किती धंदा व्हायला हवा या अंदाजावरून. म्हणजे क्विझची रात्र सुरू करून, रविवारचं जेवण वाढवून तिने जो धंदा कमावला तोच कराच्या हिशोबात तिच्या अंगावर आला. त्यात २०२० च्या मार्चपासून टाळेबंदीत कधी बंद, कधी फक्त जेवणाऱ्यांनाच बिअर, कधी फक्त अंगणात, असं वर्षभर चाललं होतं. त्या वेळचं कर्ज अजून फिटायचं होतं. तिने काही मागितलं नाही. मी वही बघून मिटली, तिने ती उचलली आणि विचारलं, "दुसरा चहा?"

देशभर हेच चाललंय. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांहून जास्त पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत. देशात विकली जाणारी निम्म्याहून जास्त बिअर आता दुकानातून थेट घरी जाते. सुपरमार्केटमधल्या बहुतेक शिध्यावर व्हॅट नाही, पबमधल्या जेवणावर वीस टक्के आहे. तिकडचा नफा इकडे वळवून बिअरचे डबे स्वस्त विकणं त्यांना परवडतं. लोक म्हणतात २००७ च्या धूम्रपानबंदीने पब मारले. मला ते फारसं पटत नाही. धूर गेला म्हणून मी आत बसू शकले, मुलं बसू शकली.

पण वीज, कर, कंपनी हे सगळं मांडून झालं तरी त्या शेवटच्या शनिवाराचा प्रश्न उरतोच. त्या रात्री आत दीडशे माणसं होती. गावातली अशी माणसं दिसली जी मी तिथे आयुष्यात पाहिली नव्हती. प्रत्येक जण सांगत होता की आमचं लग्न इथेच ठरलं, वडिलांचं तेराव्यासारखं जेवण इथेच झालं, हे बंद होणं म्हणजे अन्याय आहे. डोळे खरेच पाणावले होते. आदल्या मंगळवारी आम्ही सहा जण होतो.

पब बंद राहिला तो वीस महिने. त्या काळात एकदा खाणीतले आजोबा बसथांब्यावर भेटले. दाढी वाढलेली. हातातल्या पिशवीत सुपरमार्केटचे डबे. मी काही विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, "आता टीव्हीसमोर घेतो. आणि डक, आता मी दीडवर थांबत नाही." बस आली, मला चढावं लागलं. पूर्ण रस्ताभर मला मालकिणीचा हात दिसत होता, दुसरा पेला अर्धा भरून थांबणारा.

कंपनीने इमारत विकायला काढली. घरं बांधणारा एक जण बघून गेला. गावातल्या काही जणांनी २०११ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याखाली अर्ज केला. त्यात एखादी जागा गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदवता येते. मग मालकाला ती विकायची असेल तर गावाला पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मिळते. मालकाने गावालाच विकावं अशी सक्ती त्यात नाही, नुसती मुदत. गावाच्या सभागृहात बैठक झाली. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये आपला ओल्ड क्राउन हा पब सहकारी पद्धतीने विकत घेतला, देशातला तसा पहिलाच, असं कुणीतरी सांगितलं. लंडनच्या मैदा व्हेलमधल्या कार्लटन टॅव्हर्नची गोष्ट निघाली; २०१५ मध्ये मालकाने तो परवानगीशिवाय पाडला, तेव्हा जसा होता तसा पुन्हा बांधून द्यायला लावलं, आणि २०२१ मध्ये तो उघडला. लोकांना धीर आला. मग एक निवृत्त बँकवाले गृहस्थ फळ्यावर लिहायला लागले. सोसायटी नोंदवायची. शेअर विकायचे. कुणाचे कितीही शेअर असोत, मत एकच. शेअर बाजारात विकता येणार नाहीत, काढून घ्यायचे तर सोसायटीकडूनच, दर्शनी किमतीला. दरवर्षी सर्वसाधारण सभा. लोक एकमेकांकडे बघत होते, हे नवीनच काहीतरी म्हणून. मला अंगावर काटा आला, कारण त्यातला शब्द न् शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते.

आमच्या आजोबांकडे प्रवरेच्या साखर कारखान्याचा शेअर होता. चाळीसच्या दशकाच्या शेवटी विठ्ठलराव विखे पाटील लोणीच्या पंचक्रोशीत शेअर गोळा करत गावोगाव फिरत होते, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ पाठीशी उभा होता. आजोबांनी बैलजोडीतला एक बैल विकून पैसे भरले. १९५०-५१ ला कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. भागभांडवल, सभासद, पोटनियम, दप्तर हे शब्द आमच्या ओसरीवर गूळ-शेंगदाण्यासारखे असायचे. या सगळ्याचं मूळ इथेच, डोंगरापलीकडे रॉचडेलला. १८४४ च्या डिसेंबरात अठ्ठावीस कामगारांनी पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या विकायचं सहकारी दुकान उघडलं ते गाव आमच्यापासून गाडीने दीड तासावर आहे. इथून आमच्या ओसरीवर गेलेली गोष्ट मी पुन्हा इथे ऐकत होते.

आणि त्याच सभागृहात मला आजोबांचं दुसरं बोलणंही आठवलं. गुळाला भाव आला की काही सभासद कारखान्याला नोंदवलेला ऊस गुपचूप गुऱ्हाळाला घालायचे. आजोबा संतापायचे. "शेअर घेतलाय ना, मग ऊस घाल." पैसे भरले की कारखाना उभा राहतो, चालतो तो रोज येणाऱ्या गाड्यांवर. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, उतारा घटतो. त्याला थांबता येत नाही.

मी दोन शेअर घेतले. पाचशे पौंड. आईला सांगणं भाग होतं.

"गुत्त्यात पैसे घातलेस?" एवढंच ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली. मी तिला आजोबांचा शेअर आठवून दिला नाही. तो युक्तिवाद तिच्यापुढे करायची माझी हिंमत नव्हती. मी तिला बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. गुडघ्यांची चौकशी करणारे ते हेच, हेही सांगितलं. तिने विचारलं, बायका बसतात का तिथे. म्हटलं, बसतात. मुलं? हो. जास्त झाली तर कोण थांबवतं? मी म्हटलं, समोर उभी असते ती. परत शांतता. मग तिच्यातली मास्तरीण बोलली, "हिशोब कोण लिहितं? दप्तर नीट ठेवा. सोसायट्या तिथेच बुडतात." पटलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये दार उघडलं. जुनी मालकीण तोवर बहिणीकडे किनाऱ्यावर राहायला गेली होती, पण आम्हाला तळघर शिकवायला ती आठ दिवस येऊन राहिली. सोसायटीने एक मॅनेजर नेमला आहे, बाकी पाळ्या सभासद करतात. तळघर माझ्या वाट्याला आलं, औषधांचं तापमान सांभाळणारी बाई म्हणून.

तिथे मला पब कळला. खाली वर्षभर बारा अंशांच्या आसपास गारवा ठेवावा लागतो. इथली पारंपरिक बिअर, कास्क एल, पिंपात येते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे बहात्तर पाइंट. ते घडवंचीवर आडवं ठेवायचं, दोन्हीकडून पाचर मारून. वरच्या बुचाला भोक पाडून त्यात बांबूची मऊ खुंटी बसवायची. खुंटीभोवती फेस फसफसायला लागतो. दर थोड्या वेळाने तो पुसून बघायचा. फेस मंदावला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची. मग एक दिवस त्याला हात लावायचा नाही, गाळ खाली बसू द्यायचा. मी पहिल्या दिवशी लेबल वाचायला पिंपाला हात घातला तर मालकीण ओरडलीच. आजीही विरजण लावलं की भांड्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी तोटी. लाकडी हातोड्याचा एकच घाव, सरळ आणि न घाबरता. घाबरत मारला तर बूच अर्धवट फाटतं आणि बिअर अंगावर येते. माझ्या अंगावर आली. तिने फडकं दिलं, आणि दुसरं पिंप पुढे केलं.

तोटी लागली की घड्याळ सुरू होतं. प्रत्येक पाइंट वर ओढला जातो तेवढी हवा पिंपात शिरते. पहिला दिवस छान, दुसरा त्याहून छान, तिसऱ्या दिवशी अजून ठीक. मग चव उतरते, आंबूस व्हायला लागते. केगमधल्या बिअरचं तसं नाही, ती गॅसच्या दाबाखाली बंद असते, आठवडे टिकते. कास्क मात्र तीन दिवसांत संपलं पाहिजे. गाळाचं जातं ते वजा करून सत्तर पाइंट, तीन संध्याकाळी. त्यांतली एक शुक्रवार किंवा शनिवार असेल तर चिंता नाही. सोमवारी उघडलेलं पिंप मंगळवार आणि बुधवारच्या जिवावर असतं. मालकिणीने तेरा वर्षं दर सोमवारी हा जुगार खेळला आणि न संपलेलं पिंप दर गुरुवारी मोरीत ओतलं, हे मला तिथे, त्या ओल्या फरशीवर उभी असताना समजलं. आम्ही तिच्यावर जीव टाकायचो. मंगळवारी सहाच जण असायचो.

एप्रिल २०२५ सोसायटीला जड गेला. कोविडनंतरची करातली पंचाहत्तर टक्के सवलत चाळीसवर आली, आणि त्याच महिन्यात कामगारांमागे मालकाने भरायच्या राष्ट्रीय विम्याचा दर १३.८ वरून १५ टक्के झाला. तो लागू व्हायची पगाराची मर्यादाही वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. अर्धवेळ काम करणारी माणसं असतात तिथे हे लगेच लागतं. आमचा पाइंट साडेचार पौंडाला. त्यातले पंचाहत्तर पेन्स व्हॅट, चाळीसच्या वर उत्पादन शुल्क, मग ब्रुअरी, पगार, वीज, विमा. उरतं ते चिल्लर. मी हे वार्षिक सभेत मांडलं. दोनशेच्या वर सभासद आहेत आमचे. मी त्यांना आजोबांचं वाक्य सांगितलं, उसाचं आणि गुऱ्हाळाचं. इंग्रजीत नीट सांगता आलं की नाही, ठाऊक नाही. खाणीतले आजोबा मागच्या बाकावरून म्हणाले, "ती म्हणतेय, मंगळवारी या."

काही जण यायला लागलेत. सगळे नाही. दुपारी आम्ही पोस्टाचं काउंटर सुरू केलंय, सकाळी आया मुलांना शाळेत सोडून कॉफीला येतात. घड्याळाखाली ती लाकडी फळी पुन्हा लावली. पहिली किल्ली आमची होती, कारण ती अजून ओट्यावरच पडलेली होती. वर्षभरात फळीवर पाच झाल्या. सहा हूक रिकामे आहेत; त्यांतल्या दोन घरांतली माणसं आता नाहीत.

तळघरात एक वही आहे, आईच्या सांगण्यावरून ठेवलेली. प्रत्येक पिंपाची नोंद: आलं कधी, तोटी कधी, रोज किती गेले. या आठवड्याची ओळ अशी आहे: सोमवार एकवीस, मंगळवार एकोणीस. मंगळवारच्या एकोणीसात दीड आजोबांचे. बुधवारी तीस जायला हवेत. पाच वाजलेत, बाहेर पाऊस आहे. मी खाली जाऊन कडक खुंटी काढते, मऊ बसवते, आणि दाराबाहेरचा दिवा लावते.